याला हात लावू नये

माणसाच्या अधःपाताला सुरुवात झाली ती त्याने वस्तूंना नावं द्यायला घेतली त्या दिवशी. नाव हे आळशी माणसाचं व्यसन आहे. ज्याला खरोखर काही माहीत असतं त्याला आकडा पुरतो. हे सार्वकालिक सत्य मूळपुरुषाने सकाळी कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, चहाच्या यंत्रापुढे उभं राहून, मागे रांगेत असलेल्या फोरमनला ऐकवलं आणि आपलं ओळखपत्र यंत्राच्या लाल डोळ्यापुढे धरलं. यंत्राने जरा वेळ घेतला. आत काहीतरी गुरगुरलं, रिकामा कागदी पेला टपकन खाली पडला आणि वरच्या काचेच्या पट्टीवर अक्षरं उमटली. मूळपुरुष वाकला, नाक पट्टीला टेकेल इतका जवळ गेला. 'कर्मचारी सापडला नाही.'

"तुम्ही सापडत नाही म्हणतंय," फोरमन मागून म्हणाला.

"वाचता येतं मला."

"नाही, तुम्ही बराच वेळ बघत होतात, म्हणून म्हटलं. खालीही हेच चाललंय काका. घासणयंत्रं सगळी उभी आहेत. काय घासायचं ते वरून यायला हवं ना, ते येतच नाही. एका बाईचा उजवा डोळा झालाय, डावा अजून आला नाही."

"येणार नाही."

"म्हणजे?"

"अहो, काल अपग्रेड केलंय ना त्यांनी? मी सांगितलं होतं."

"ते खरं. पण डावा डोळा?"

"अहो, मी सांगितलं होतं," मूळपुरुष पुन्हा म्हणाला, आणि रिकामा पेला हातात घेऊन निघाला. ज्याच्याबद्दल त्याला जितकी तुच्छता, तितका तो त्याला जास्त 'अहो' म्हणे. कारखान्यात तो कुणालाही अरेतुरे करत नसे.

चष्म्याच्या काचांचा कारखाना. दूरदूरच्या दुकानांत माणसं खुर्चीवर बसून भिंतीवरची अक्षरं वाचत, चुकत, कबूल होत. त्यांच्या डोळ्यांचे आकडे तारेतून इथे येत, एका मोठ्या सर्व्हरवर उतरत, आणि तिथून खालच्या मजल्यावरच्या घासणयंत्रांना वाटून दिले जात; चहाच्या यंत्रालाही कर्मचारी कोण हे तोच सांगे. तो सर्व्हर मूळपुरुषाने उभा केलेला. लिनक्सच्या जगात ज्या वापरकर्त्याला सगळं करायची मुभा असते त्याला रूट म्हणतात, म्हणजे मूळ. या सर्व्हरचा रूट तो एकटा, म्हणून केव्हातरी हिशेबखात्यातल्या कुणीतरी त्याला मूळपुरुष म्हटलं, आणि ते चिकटलं. तोंडावर मात्र सगळे काकाच म्हणत. त्याला दोन्ही नावांची चीड होती; पण पहिल्याची जरा कमी.

यंत्रखोलीचं दार ढकलल्यावर नेहमीची थंडी अंगावर आली, आणि पंख्यांचा तो एकसुरी आवाज, जो इतकी वर्षं ऐकून ऐकून आता आवाज न राहता त्याच्या कानांचाच एक भाग झाला होता. खुर्चीत बसल्यावर त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. आनंद म्हणायचा तर आनंदच होता. पण आनंदाला चव नव्हती, कारण चहा झाला नव्हता. त्याने पेला टेबलावर ठेवला आणि पाय पसरले. आता काहीच करायचं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असा दिवस आला होता की त्याने नुसतं बसून राहायचं होतं आणि जगाने आपण होऊन तोंडावर पडायचं होतं. दुपारच्या बैठकीत कारखान्याची नवी मॅडम निकाल देणार होती. गेल्या आठवड्यात तिनेच सरळ सांगितलं होतं, "काका, तुम्ही म्हणता हे पहिल्याच दिवशी कोसळेल. कोसळलं तर यंत्रखोली तुमच्याकडे राहील, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही कोसळलं तर महिनाअखेर किल्ल्या यांच्याकडे, आणि तुम्ही आमचे मार्गदर्शक." मार्गदर्शकाची जागा फोटोकॉपीच्या यंत्राशेजारी होती. त्याने ती पाहिलेली होती. त्याच्या आधी तिथे जुने हिशेबनीस मार्गदर्शन करत बसत. येणारेजाणारे त्यांच्या टेबलावर ओल्या छत्र्या ठेवत, आणि शेवटीशेवटी तर ते कुणी ठेवायच्या आधीच आपले कागद बाजूला घेत. ते हिशेबनीस गेले त्यानंतर कित्येक दिवस छत्र्या येतच राहिल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

'यांच्याकडे' म्हणजे बाहेरच्या कंपनीकडे. त्या कंपनीतून दोघं आली होती. एक गृहस्थ, ज्याला मूळपुरुष मनातल्या मनात सादरीकरण म्हणे, कारण तो जिथे उभा राही तिथे त्याच्यामागे भिंतीवर काहीतरी उजळे. या माणसाने आयुष्यात एकाही सर्व्हरची धूळ खाल्लेली नव्हती. तो सर्व्हरविषयी असा बोले जसं काही लोक दूरच्या श्रीमंत नातेवाइकांविषयी बोलतात. दुसरी एक पस्तिशीची बाई, कामाची म्हणे. तिच्या संगणकाच्या पडद्यावरची अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी मोठी असत. तिचं नाव त्याने ठळक ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी तिच्या मागून जाताना तो थांबला होता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "अहो, हे तुम्ही वाचताय की रस्त्यावरच्या लोकांना वाचून दाखवताय?" ती हसली नव्हती, रागावलीही नव्हती. "डोळे दिवसभर पुरवायचे असतात काका," एवढंच म्हणाली होती. त्याला त्या उत्तरात काहीतरी उद्धट वाटलं होतं आणि काय ते नेमकं सापडलं नव्हतं. काचेच्या कारखान्यात कर्मचाऱ्यांना चष्मा फुकट मिळतो, दर वर्षी डोळे तपासतात. मूळपुरुष कधी गेला नाही. डोळे बदलत नाहीत, लोकांची वाचायची इच्छा कमी होते, असं त्याचं मत होतं. त्याच्या नाकावरची काच कोणत्या काळातली होती हे कारखान्यालाही ठाऊक नसावं.

आणि अपग्रेडमध्ये होतं काय एवढं? त्याने डोळे मिटले. गोष्ट इतकी साधी होती की ती मॅडमला समजावताना त्याला प्रत्येक वेळी गुदमरायला होई. यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. नावं ही माणसांची लाड करून घ्यायची सोय. एखाद्या नावाचा आकडा कोणता, हे विचारल्यावर सांगणारं एक यंत्र असतं, आणि त्या सांगणाऱ्याचा पत्ता प्रत्येक सर्व्हरवर एका चिमुकल्या फाइलीत लिहून ठेवलेला असतो. दोनचार ओळींची फाइल. ती त्याने स्वतः लिहिली होती, स्वतःच्या बोटांनी. या कारखान्यात ते सांगणारं यंत्र कोपऱ्यात बसलेलं, पिवळं पडलेलं, पंखा खोकणारं एक खोकं होतं; त्याला तो म्हातारा म्हणे. लिनक्सच्या नव्या आवृत्तीला मात्र ही साधी व्यवस्था मानवत नव्हती. नवी आवृत्ती म्हणते, बाहेरच्या कुणाला कशाला विचारायचं, मला विचारा. मी घरातच बसतो, मी बाहेर जाऊन विचारून येतो, लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी लगेच सांगतो. याला ते रिझॉल्व्हर म्हणत. आणि ती फाइल? ती फाइल उचलून टाकायची, तिच्या जागी नुसती खूणपाटी लावायची : त्या तिकडे बघा, रिझॉल्व्हरसाहेब ठेवतील ते बघा. माणसाने हाताने लिहायचं काहीच उरत नव्हतं. लिहिलं तरी पुढच्या वेळी पुसलं जाणार होतं. "घरातल्या घरात दलाल बसवलाय," असं तो रात्री जेवताना बायकोला म्हणाला होता, आणि म्हणाल्याक्षणी त्याला कळलं होतं की चुकीच्या माणसापाशी बोललो.

कारण बायको टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर होती, निवृत्त होईपर्यंत. लोक फोन करून नाव सांगत, ती आकडा सांगे. दिवसभर. लग्न ठरलं तेव्हा त्याला हे फार मजेशीर वाटलं होतं. पुढे ते वाटेनासं झालं. "मला कुणी दलाल नाही हो म्हटलं कधी," बायको म्हणाली होती, वाटी पुढे सरकवत. "उलट म्हणायचे, बाई तुमचा आवाज गोड आहे."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं? नाव सांगायचे, नंबर द्यायचे. बदलला असला तर पट्टी चिकटवलेली असायची, ती बघून द्यायचे. पट्टी बघितली नाही की शिव्या. तुमच्या त्या फाइलीवर पट्टी चिकटवता येते का?"

"तिला पट्टी लागत नाही."

"हो, तुम्हाला पण लागत नाही," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या चष्म्याकडे पाहिलं. हल्ली ती बोलताना डोळ्यांकडे न बघता चष्म्याकडे बघे. पेपर वाचताना तो हात लांब करी, मग आणखी लांब करी, आणि ती पलीकडून, हात संपला की सांगा, मी धरते, असं म्हणे. असल्या विनोदांना उत्तर देणं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. विनोद हा दुबळ्यांचा कळप असतो. या वाक्यावर तो थोडा वेळ खूश राहिला, मग ते वाक्य फारसं काही सांगत नाही असं त्याच्या ध्यानात आलं.

दाराच्या काचेतून माणसं इकडून तिकडे धावताना दिसत होती. धावणाऱ्या माणसांकडे बसून बघण्यात एक थंड, स्वच्छ सुख असतं. सादरीकरण कानाला फोन लावून तीनदा गेला आणि तीनदा आला. मूळपुरुषाला वाटलं, आपण या लोकांवर रागावलेलो नाही. राग यायला समोरचा माणूस लागतो. ही नुसती हालचाल होती. त्याने आजवर किती साहेब पाहिले! थोरले साहेब होते तेव्हा निदान तुच्छ मानायला काहीतरी भरीव होतं. थोरले साहेब. त्यांची आठवण आली की अजूनही त्याच्या कानाच्या पाळ्या गरम होत. तेव्हाही एक अपग्रेड झालं होतं, फार जुनी गोष्ट. त्याने स्वतःच केलेलं. आणि त्या अपग्रेडने त्याची फाइल पुसली, जागी आपली रिकामी फाइल ठेवली, न सांगता, न विचारता, जसं हॉटेलात अर्धं जेवण झालेलं ताट उचलून नेतात. कारखाना अर्धा दिवस बंद. थोरल्या साहेबांनी सगळ्या खात्यांसमोर त्याला उभं केलं होतं, आणि आवाज न चढवता, टाचणीने कागद टोचावा तसं म्हणाले होते, "तुमची चार ओळींची फाइल टिकत नाही. तुम्ही काय टिकणार?" लोक हसले होते. हिशेबनीस सगळ्यात जास्त हसले होते. थोरले साहेब पुढे पोटाच्या आजाराने गेले, मूळपुरुष टिकला. एवढा टिकला की त्या हसण्यातलं एकही माणूस आता कारखान्यात उरलं नव्हतं आणि ते हसणं तेवढं यंत्रखोलीत शिल्लक होतं, पंख्यांच्या मागे कुठेतरी.

त्याला वाटलं, बघावं तरी. शवचिकित्सा नव्हे, नुसतं दर्शन. दलाल कसा आडवा पडलाय ते. त्याने कीबोर्ड ओढला. सर्व्हरचा आकडा त्याला पाठ होता. नावं मेली तरी आकड्याने आत शिरता येतं, आणि या इमारतीत आज रूट म्हणून आत शिरू शकणारा तो एकटा होता. अपग्रेडपुरता रूटचा पासवर्ड त्या दोघांना दिलेला, तो त्याने सकाळी आल्या आल्या, कोट काढायच्या आधी बदलून टाकला होता. त्याने ती जागा उघडली जिथे आता नवी खूणपाटी असायला हवी होती. खूणपाटी नव्हती. तिथे त्याची फाइल होती. जशीच्या तशी. वर त्याने कधीकाळी लिहिलेली सूचना : याला हात लावू नये. खाली म्हाताऱ्याचा आकडा.

पहिल्यांदा त्याला जे वाटलं ते अभिमानासारखं होतं. एवढं मोठं अपग्रेड, हजारो फाइली इकडच्या तिकडे झाल्या, आणि ही आपल्या जागी बसून राहिली, सूचनेसकट. थोरल्या साहेबांना बोलावून दाखवावं असं वाटलं. आणि मग, हळूहळू, खोलीची थंडी कॉलरच्या आत शिरायला लागली. ती राहिली कशी? त्याने मान पुढे काढली, डोळे बारीक केले, पडद्याच्या इतका जवळ गेला की त्याच्या श्वासाने काचेवर धुकं आलं, आणि फाइलीच्या खुणा मागवल्या. आडव्या रेघांची एक माळ आली. त्या माळेत, कुणी सुई टोचून ठेवावी तसं, एक बारीक अक्षर होतं.

कुलूप. त्याला सगळं आठवलं. आठवलं म्हणजे मनात चित्र आलं नाही, बोटांना आठवलं. थोरले साहेब जे बोलले त्याच संध्याकाळी त्याने ते लावलं होतं. लिनक्समध्ये फाइलीला अशी खूण करता येते की मग तिला कुणीच बदलू शकत नाही, पुसू शकत नाही, हलवू शकत नाही. रूटसुद्धा नाही, जोवर रूट स्वतः येऊन ती खूण काढत नाही तोवर. घरी गेल्यावर त्याने बायकोला सांगितलंही होतं, तिलाच एकटीला, कारण विजयाचं कुणालातरी सांगावं लागतं. ती काहीतरी निवडत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं होतं, "आणि किल्ली कुठे ठेवलीत?"

"त्याला किल्ली नसते. लक्षात ठेवायचं असतं."

"मग झालंच," ती म्हणाली होती.

त्याने पेला उचलून तोंडाला लावला, रिकामा होता. पुढचं सगळं त्याच्यापुढे उलगडत गेलं, न विचारता, अपमानास्पद स्पष्टपणे. अपग्रेडने फाइलीच्या जागी खूणपाटी लावायचा प्रयत्न केला, कुलपावर आपटलं, हजार ओळींच्या मजकुरात कुठेतरी एका ओळीची तक्रार केली आणि पुढे गेलं. रिझॉल्व्हर उठून बसला, तयार, धडधाकट, हातपाय धुऊन. त्याला कुणी काही विचारलंच नाही. सर्व्हर म्हाताऱ्यालाच विचारत राहिला. काल दिवसभर त्या दोघांनी चाचण्या घेतल्या आणि सगळ्या उत्तीर्ण झाल्या, कारण उत्तरं म्हातारा देत होता. मग जाताना, ठरल्याप्रमाणे, त्यांनी म्हाताऱ्याची तार काढली; सर्व्हर विचारत राहिला, सांगणारं कुणी उरलं नाही. आणि ती काढायला मान्यता कुणी दिली होती? त्याच बैठकीत, हात झटकून? "काढा हो, त्याला आता कोण विचारतंय!" हे वाक्य त्याला स्वतःच्या आवाजात ऐकू आलं, त्यातल्या त्या ऐटीसकट, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला तो आवाज आवडला नाही. आवाजात काहीतरी थोरल्या साहेबांचं होतं.

बरं, मग काय? त्याने स्वतःलाच विचारलं. कुणाला माहीत आहे? खूण काढायला एक ओळ पुरते. काढायची, खूणपाटी लावायची, ओळीचा माग पुसायचा. दुपारी उभं राहून सांगायचं : तुमचा दलाल कोसळला, मी उचलून उभा केला. मॅडम शब्दाची पक्की आहे. यंत्रखोली राहील, थंडी राहील, पंखे राहतील. सादरीकरण आपला उजेड गुंडाळून जाईल. छत्र्या दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर ठेवल्या जातील. त्याची बोटं कीबोर्डवर गेली आणि तिथेच थांबली, कारण दार वाजलं.

ठळक होती. एका हाताने संगणक छातीशी धरलेला, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास, तिचा घरचा. ती आत आली, परवानगी न मागता तिने त्याचा रिकामा पेला भरला, आणि समोरच्या खोक्यावर टेकली.

"काका, पासवर्ड बदललात."

"अहो, बदलायचाच असतो. काम झाल्यावर."

"काम कुठे झालंय?" ती म्हणाली. "पण बघायला पासवर्ड लागत नाही. मी साध्या खात्यातून बघितलं. फाइलीला कुलूप आहे."

पंख्यांचा आवाज त्याला पुन्हा आवाजासारखा ऐकू यायला लागला. "असेल," तो म्हणाला.

"कुणी घातलं?"

"जुनी यंत्रणा आहे. पुष्कळ हात लागलेत."

"याला हात लावू नये असं लिहिलंय वर."

चहा फार गोड होता आणि तो त्याने पिऊन टाकला.

"चूक आमचीपण आहे," ठळक म्हणाली. "त्या खुणा मी आधी बघायला हव्या होत्या. आणि म्हाताऱ्याची तार काढल्यावर परत चाचणी घ्यायला हवी होती. घरी जायची घाई. आमच्या साहेबांना अजून कुलपाचं सांगितलेलं नाही. त्यांना कळलं तर ते तुम्हाला भिंतीवर लावतील, रंगीत. दुपारपर्यंत वेळ आहे. तुम्ही काय ते बघा."

"तुम्ही मला सवलत देताय?"

"नाही हो काका. विचारतेय. तुमच्या जागी मी असते तर मीही कुलूपच लावलं असतं. फक्त विसरले नसते." ती उठली. दारात थांबून, संगणक उघडून दाखवत म्हणाली, "आणि ती अक्षरं बारीक केली बरं का. तुम्ही बोललात ना तेव्हापासून. बारीक केली की ओळी जास्त मावतात, हे मात्र खरं आहे." ती गेली. थर्मास राहिला.

तिचा दुस्वास करायचा त्याने प्रामाणिक प्रयत्न केला. जमलं नाही, तेव्हा तो मॅडमकडे वळला, तिथून सादरीकरणाकडे, तिथून सबंध नव्या पिढीकडे, जिला काही पाठ नसतं. पण प्रत्येक वेळी वाट फिरून त्या बारीक अक्षरापाशी येत होती. एखाद्या घराला बाहेरून कुलूप घालून निघून जावं आणि वर्षांनी त्याच घरात अडकलेल्यांना हसावं, तसं काहीसं. पण नाही, ही उपमा त्याला बटबटीत वाटली आणि त्याने ती टाकून दिली. एक ओळ. फक्त एक ओळ. त्याने हात दोनदा पुढे केला. लपूनछपून काढायचं म्हणजे सादरीकरणासारख्या माणसाला घाबरायचं, आणि ज्याला तुच्छ मानतो त्याला घाबरायचं कसं, या अडचणीवर त्याला उत्तर सापडेना. सापडेना तोवर दुपार झाली. रिकामा पेला हातात घेऊनच तो बैठकीला गेला.

खोलीत सगळे होते. मॅडम टोकाला, तिच्यापुढे कागद नाही, पेन नाही, नुसते दोन्ही हात टेबलावर. फोरमन भिंतीला टेकून, काचेच्या भुकटीने पांढरा. ठळकचा संगणक मधोमध, त्याच्यातला मजकूर भिंतीवर पडलेला, वाळूसारखा बारीक. आणि त्या वाळूपुढे सादरीकरण उभा. तो म्हणाला की रिझॉल्व्हर उत्तम आहे. तो म्हणाला की प्रक्रिया उत्तम होती. तो म्हणाला की मुळाशी एक जुनी फाइल आहे, आणि अशा यंत्रणांत होतं तसं ती फाइल कालौघात बिघडलेली होती.

"काका," मॅडम म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात पहिल्याच दिवशी कोसळेल. कोसळलं. मी शब्द दिलाय. हे म्हणतात फाइल बिघडली होती. तुमचं काय म्हणणं आहे? दलाल पडला की फाइल बिघडली?"

खोली त्याच्याकडे बघत होती. एवढंच म्हणायचं होतं : दलाल. एक शब्द. ठळक आपल्या नखांकडे बघत होती. त्याने तोंड उघडलं, आणि त्याच वेळी सादरीकरण, मदतीच्या सुरात, हलकेच म्हणाला, "म्हणजे काकांचा दोष नाही. एवढ्या जुन्या फाइली टिकत नाहीत."

मूळपुरुषाच्या कानाच्या पाळ्या पेटल्या.

"बिघडलेली नाही," तो म्हणाला. "अहो, बिघडलेली नाही! तुमचं सगळं अपग्रेड तिच्यावर डोकं आपटून गेलं, तरी तिचा एक आकडा हलला नाही. बिघडलेली म्हणे! तिला कुलूप आहे. असं कुलूप की तुमच्या कंपनीचे सगळे साहेब एकावर एक उभे राहिले तरी निघणार नाही. टिकत नाही म्हणे! या इमारतीत टिकलेली ती एकच गोष्ट आहे."

"कुलूप," मॅडम म्हणाली. "कुणी लावलं?"

"मी," मूळपुरुष म्हणाला, आणि एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाला की ते अभिमानाने म्हटलं की काय, असं सगळ्यांना वाटलं. बऱ्याच अंशी तसंच होतं. "मीच लावलं. आणि विसरलो."

कुणी हसलं नाही. तो वाट बघत होता. हसणं आलं नाही. ते आलं असतं तर सोपं झालं असतं. मॅडमने टेबलावरचे हात एकमेकांत गुंतवले, आणि तेवढ्यावरून त्याला फोटोकॉपीच्या यंत्राचा गरम, शाईचा वास आला. सादरीकरणाच्या चेहऱ्यावर पुढचं पान तयार व्हायला लागलं होतं. फोरमनने घसा खाकरला.

"काका, ते निघतंय का पण? त्या बाईचा डावा डोळा..."

"निघेल," मूळपुरुष म्हणाला. "मी काढला तरच निघेल. दुसऱ्या कुणाच्याने नाही."

तो उठला. लोकांनी खुर्च्या ओढून वाट दिली, जशी ती थोरल्या साहेबांना देत. तो सावकाश चालत टेबलाच्या मध्यावर आला, ठळकच्या संगणकापुढे बसला, पेला शेजारी ठेवला, बाह्या वर केल्या. भिंतीवर त्याची सावली मजकुरावर पडली. त्याची बोटं कीबोर्डवर स्थिरावली आणि सर्व्हरचा आकडा, पासवर्ड, सगळं न बघता वाजत गेलं. मग सर्व्हरकडून उत्तराची एक ओळ यायची होती, जी वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याने मान पुढे काढली. मग आणखी पुढे. पडद्यावर मुंग्या होत्या. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. मुंग्याच होत्या. कुणीतरी खोकलं. भिंतीकडे वळून बघावं तर तिथेही त्याच, फक्त लांब.

तो ठळककडे जरासा कलला आणि हळू आवाजात म्हणाला,

"अगं, जरा अक्षरं मोठी करतेस का?"